गोरेगाववालीची पत्रिका

ताईच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला मी निघालो तेव्हा माझ्याजवळ बाबांची जुनी मोटरसायकल, दीडशे पत्रिका, हळदीने पिवळ्या केलेल्या तांदळाची पुडी आणि आपल्याला सगळं कळतं हा बाविसाव्या वर्षीचा आत्मविश्वास होता. पहिल्या तीन गोष्टी परत आल्या किंवा जिथे जायच्या तिथे गेल्या. आत्मविश्वास देवरीच्या पुढे कुठेतरी पडला, तो अजून सापडलेला नाही.

दोन हजार चार-पाचचा उन्हाळा असेल. गावांत मोबाईल एखाद्याकडे असायचा आणि तोही झाडावर चढल्याशिवाय लागत नसे. असता तरी उपयोग नव्हता. आमच्या लोकांत पत्रिका हातानेच द्यायची, वर अक्षता ठेवायच्या, मोठ्यांच्या पाया पडायचं. टपालाने पत्रिका पाठवली तर लोक आशीर्वादही टपालानेच पाठवतात. आणि मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन भावाने जायचं, म्हणजे मी.

पहिले दोन दिवस मजेत गेले. गोरेगाव तालुक्यातल्या घरांत मला दिसलं की पत्रिका हातात पडल्यावर कोणी आधी तारीख पाहत नाही. आधी खालची नावं पाहतात. कोण वर, कोण खाली, कोण सुटलं. एका काकांनी चष्मा लावून माझ्यासमोरच विचारलं, "माह्यं नाव चौथ्या नंबरवर काऊन?" मी छापखान्यावर ढकललं. त्यांनी चहा दिला, पण साखर कमी होती.

सडक अर्जुनीकडे वेगळंच. महामार्गालगतचे लोक पत्ता सांगताना ढाबे सांगतात: अमक्या ढाब्यापासून आत, तमक्या ढाब्याच्या मागे. ट्रकांच्या धुळीत मी तीन ढाबे मोजले आणि चौथ्याच्या मागच्या घरी पत्रिका दिली. देवरीच्या बाजूला झाडं सुरू होतात, तिथे पत्तेही झाडांचे. "येनाच्या झाडापासून डावीकडे वळजो." येनाचं झाड मी आयुष्यभर ऐकत आलोय, पण समोर उभं केलं तर ओळखणार नाही. सरकारी कामासाठी रहिवासी दाखला मागितला तर मला मिळेल, पण मी इथला आहे असं ते झाड तरी म्हणणार नाही, असं काहीतरी मी त्या दिवशी पत्त्यांच्या यादीमागे लिहून ठेवलं होतं. फार शहाणं वाटलं होतं लिहिताना.

तिसऱ्या दिवशीची एकच पत्रिका महत्त्वाची होती. बाबांच्या बहिणीची. माझी आत्या.

सोळा वर्षांत आत्या आमच्या घरी आली नव्हती आणि बाबा तिच्या घरी गेले नव्हते. कारण सांगायला सोपं आहे. आमच्यात भावाची मुलगी बहिणीच्या घरी सून म्हणून द्यायची जुनी पद्धत. ताई नऊ वर्षांची असताना आत्याने तिला मांडीवर घेऊन म्हटलं, ही माझी, मला शब्द दे. बाबा म्हणाले, मोठी झाली की तीच सांगेल. एवढंच. आत्या ताटावरून उठली, बैलगाडीत बसली आणि गेली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. मला तिचा चेहरा आठवत नव्हता, फक्त हातावरचं हिरवं गोंदण आठवत होतं.

निघताना बाबांनी तिची पत्रिका वेगळी काढून दिली होती. "गावात जाऊन गोरेगाववाली विचारजो. कोनीबी सांगते. पाया पडजो. हळदीचं पहिलं बोट तिचं, हे सांगजो. ती आल्याबिगर हळद लागनार नाई." थोडं थांबून म्हणाले, "बाकी काई बोलू नको. तू लय बोलतेस." घरात आम्ही पोवारी बोलतो, पण ती इथे लिहिली तर निम्म्यांना कळणार नाही, म्हणून बाहेरच्या बोलीत लिहितोय.

गोरेगाववाली विचार, हे त्यांनी सहज सांगितलं, कारण आमच्या भागात लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. माझी आई आमच्या गल्लीत तिरोडावाली आहे. तिचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथेच राहतं. तेव्हा मी सडकेपासून सहा किलोमीटर आत गेलो, पारावर बसलेल्या दोघांना विचारलं, त्यांनी हात केला, मी त्या घरासमोर गाडी लावली. एका गावात गोरेगावच्या दोन मुली दिल्या असू शकतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांच्याही आलं नव्हतं. त्यांच्यासाठी गोरेगाववाली जगात एकच होती.

ओसरीवर साठीची एक बाई चिंचा फोडत बसली होती. मी म्हटलं, "मी गोरेगावहून आलो. लग्नाचं आमंत्रण घेऊन." तिने वर पाहिलं. चिंच हातातच राहिली. "कोनाचा? भावाचा?" मी म्हटलं, "हो, तुमच्या भावाचा पोरगा." आणि पाया पडलो. तिच्या हातावर हिरवं गोंदण होतं. त्या वयाच्या प्रत्येक बाईच्या हातावर ते असतं, हेही मला त्याआधी माहीत होतं आणि त्यानंतरही माहीत होतं. मधल्या अर्ध्या तासात नव्हतं.

ती रडायला लागली. हुंदका वगैरे नाही, नुसतं पाणी. तांब्या घेऊन माझ्या पायांवर पाणी घालू लागली, मी नको म्हटलं तर म्हणाली, "भाऊ आला असता त त्याचे धुतले असते. आता तू आलास." मग चहा, मग पोहे, मग तांदळाच्या पापड्या. माझ्या दंडाला हात लावून लावून बघत होती. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, हळदीचं पहिलं बोट तुमचं आहे, तुम्ही आल्याशिवाय हळद लागणार नाही. ती येतो म्हणत मान हलवत होती आणि पुन्हा रडत होती. मला खरंच भरून आलं होतं. बाबा सोळा वर्षं ज्यासाठी झुरले ते माझ्या हातून असं सहज होतंय, याचा थोडा गर्वही वाटत होता. लपवायचं कशाला.

मग तिने विचारलं, "तुया बापाची दुकान कशी चालते आता?"

आमचं दुकान नाही. आमची धानाची शेती आहे, कधीच दुकान नव्हतं. मी पापडी तोंडात धरून बसलो.

आज मी त्या क्षणाकडे मागे वळून पाहतो तेव्हा मला काय बोलायला हवं होतं ते स्वच्छ दिसतं. काकू, चूक झाली, मी दुसऱ्या घरचा. एवढंच. तेव्हाही दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि तिने त्यात साखर घातली. "गोड बातमी आनलीस," म्हणाली. पत्रिका तिने देव्हाऱ्यात ठेवली होती. तिला वाचता येत नव्हतं आणि सून शेतावर गेली होती. साखर विरघळेपर्यंत मला वाटत राहिलं की आता सांगू, आणि विरघळल्यावर वाटलं की आता सांगण्यात काही अर्थ नाही. मी चांगल्या मनाने गप्प बसलो की भित्र्या मनाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "बरी चालते." आणि उठलो.

बाहेर येऊन पारावरच्या त्याच दोघांना विचारलं, गावात आणखी एक गोरेगाववाली आहे का. "हाय ना बाप्पा. ती खालच्या टोलीवरची. पहिलेच सांगाचं होतं ना." खालच्या टोलीवरच्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, घराला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, "देवरीच्या बाजाराले गेली. सांजले येईन." दुपारचे दोन वाजले होते. मी तासभर त्या ओट्यावर बसलो. घर पाहिलं. भिंती पिवळ्या मातीने नीट सारवलेल्या, दाराशी खराटा उलटा ठेवलेला, कुंपणावर दोन लुगडी वाळत. माझ्या आत्याचं घर, आणि मी त्यात कोणी आहे की नाही हे मला कळत नव्हतं.

मग मी उठलो. अजून चार पत्रिका द्यायच्या आहेत, रस्ता जंगलातला आहे, सगळी कारणं खरी होती. पिशवीतली दुसरी पत्रिका काढली, माझ्या अक्षरात आत्याचं नाव लिहिलं, आणि कडीत खोचून निघालो. अक्षता कागदावर राहिनात, उंबऱ्यावर सांडल्या. बहिणीचं आमंत्रण कडीला लावून यायचं नसतं हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

घरी पोचलो तर बाबा अंगणात उभेच होते. "भेटली?"

मी म्हणालो, "पत्रिका दिली."

"मंग? काय म्हनली?"

मी खोटं बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी एकही खोटा शब्द न वापरता सांगितलं. "रडली बाबा. माझे पाय धुतले. येतो म्हनली."

बाबा वळले. गोठ्यात गेले, बराच वेळ तिथे होते. त्या दिवसापासून लग्नापर्यंतचे बावीस दिवस मी माझ्या वडिलांना असं पाहिलं की त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते गुणगुणायचे. स्वतः गोंदियाला जाऊन बहिणीसाठी लुगडं घेऊन आले, आईला रंग निवडू दिला नाही. येईल त्याला सांगायचे, "माह्यी बहीन येऊन राहिली. रडली म्हने पोरासमोर." रात्री जेवताना मला पुन्हा विचारायचे, कशी रडली, काय बोलली, बारीक झाली का. मी त्या दुसऱ्या बाईचं वर्णन करायचो. गोंदण, तांब्या, साखर. खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. एकदा तर सुरुवातही केली, "बाबा, त्या गावात ना," आणि ते इतक्या आशेने वळले की मी म्हणालो, "रस्ता फार खराब आहे."

मनाची समजूतही घालत होतो. आत्याला कडीतली पत्रिका मिळालीच असेल. आपल्या भावाच्या घरचं कार्य आहे, येईलही. मग सगळं आपोआप बरोबर होईल आणि माझी चूक कोणाला कळणारच नाही. दुसरीला तिची सून पत्रिका वाचून दाखवेल, ती चार शिव्या देईल, विषय संपेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य वाटत होत्या, आणि त्यांच्या मधोमध मी मांडवाला जांभळीच्या डहाळ्या बांधत होतो.

हळदीच्या दिवशी ताई पाटावर बसून होती. हळद वाटून तयार होती. बाया कुजबुजत होत्या, उशीर होतोय. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर उभे. दुपारच्या एसटीतून ती उतरली. एकटी, हातात पिशवी, डोक्यावर पदर. लांबून पाहून बाबा जवळजवळ धावले. मग दहा पावलांवर त्यांची चाल मंदावली.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. एसटी निघून गेली होती.

ती म्हणाली, "पत्रिका आली म्हून मी आली. कोनाची होय ते सुनेनं मंग वाचून सांगतलं. माह्या भावानं त कधी बलावलं नाई. तुमी बलावलं, चुकीनं का होईना."

बाबांनी विचारलं, "आन ती?"

"तिच्याकडे दोनदा गेली मी. चाल म्हनलं, संगं जाऊ. काई बोलली नाई. सूप हालवत राहिली."

बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेऊन बाजूला ठेवली. मग खाली बसले आणि तिच्या पायांवर पाणी घालू लागले, सावकाश, आधी एका पायावर, मग दुसऱ्या. हाताला धरून तिला मांडवात आणलं. गोंदियाहून आणलेलं लुगडं तिच्या ओटीत घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गोरेगाववाली आली. लावा हळद." तिने ताईच्या गालाला पहिलं बोट लावलं. बायांनी गाणं उचललं. कोणी काही विचारलं नाही.

सगळं आटोपल्यावर मी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होतो. खरं तर लपलो होतो. बाबा मागून आले. मला वाटलं आता हात उचलतील, आणि उचलला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुयासमोर जी रडली, ती हेच बाई काय?"

"हो बाबा."

त्यांनी गळ्यातला गमछा काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"म्हंजे माह्यी बहीन रडली नाई," ते म्हणाले.