भातसाने भरलेली बादली

नळाला पाणी आलं की भातसा पहिली ओंजळ पिऊन बघायची आणि सांगायची, "आमचंच हाय गो." मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा धरणाच्या वसाहतीत, भातसानगरला वाढलेली ही मुलगी मुंबईच्या प्रत्येक नळावर हक्क सांगायची. म्हणून मी तिला भातसा म्हणायचे आणि माझ्या गावावरून ती मला धसई. परळच्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो आणि दादरच्या एकाच साडीच्या दुकानात कामाला जायचो.

चाळीचा नळ सामाईक. भातसा पहाटे उठून दोन्ही बादल्या भरायची आणि माझ्या निळ्या बादलीवर ताट झाकून ठेवायची. "नळावर भांडाया लागतं. तुला नाय जमायचं." मला खरंच जमत नव्हतं.

हळूहळू माझं बोलणंही तिनेच हातात घेतलं. हॉटेलात परस्पर सांगायची, "हिला वडा नको, पित्त होतं." पित्त तिला व्हायचं. आईचा फोन माझ्याआधी उचलायची, "जेवली ती, मावशी." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. शेवटी कुणी मला काही विचारलं तरी मी आधी तिच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि याची मला भीती वाटू लागली.

एकदा तिने मला धरण दाखवायला नेलं. तिच्या आईचं माहेर पाण्याखाली गेलेलं. "आई हितं आली का बोटानं घर दाखवते," ती म्हणाली. "मला नुसतं पाणी दिसतं." परतताना वडापच्या जीपमध्ये तिने माझा हात सोडलाच नाही.

मग शेठनी बोरिवलीला नवं दुकान काढलं. तिथलं काउंटर सांभाळशील का, असं त्यांनी मला विचारलं. भातसा साडीची घडी घालता घालता म्हणाली, "तिला नाय जमायचं शेठ. ती एकटी राहू नाय शकत."

"जमेल मला," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बादली मात्र रोज भरलेली असायची, वर ताट झाकलेलं. मी बोरिवलीला जायच्या आदल्या पहाटे जाग आली तेव्हा निळी बादली पालथी होती आणि तिची ट्रंक जागेवर नव्हती. फोन लागेना, दादरच्या दुकानातही ती परत आली नाही. पुढे भातसानगरला जाऊन आले, तर वडील निवृत्त झाल्यामुळे क्वार्टर दुसऱ्यांना मिळालेलं. शेजारीण म्हणाली, "नाशिककडं गेली म्हणतात." त्यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

आता बोरिवलीच्या खोलीत माझ्यासोबत दुकानातली नवी मुलगी राहते, मुरबाडची. इथेही पाणी पहाटेच येतं. मी दोन्ही बादल्या भरते, तिच्या बादलीवर ताट झाकते. परवा एका गिऱ्हाइकाने तिला काही विचारलं आणि उत्तर मी देऊन मोकळी झाले. रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "ताई, उद्यापासून माझी बादली मी भरीन."

"बरं," मी म्हणाले. भातसाला त्या दिवशी दुकानात काय वाटलं असेल ते मला आत्ता कळलं, आणि ते जिला सांगायचं ती भातसा सोबत नाही.

पहाटे पाणी आलं तेव्हा मी जागीच होते. ती मुलगी उठली. तिच्या बादलीत धार पडत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकत पडून राहिले.