अक्काची तलवार उशिरा उठली

वृंदाच्या नवऱ्याचा, माधवचा फोन आला तेव्हा मी रायापूरच्या घरी मागच्या दारात बसून मटार सोलत होते. "नीलाक्का..." एवढंच म्हणाला तो आणि थांबला. पुढचं त्याला म्हणावं लागलं नाही. त्याच्या मागे टीव्ही चालू होता आणि त्यातून झांज-बासरीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता. व्हिडिओ गेम सुरू होण्याआधी, खेळाडू निवडायच्या पडद्यावर वाजतो तो. सकाळी कुणीतरी वृंदासाठी खेळ लावला होता, आणि ती गेल्यावर तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलून संपवले. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

वृंदा माझी मामेबहीण. आम्ही एका वयाच्या, एकाच कॉलेजात शिकलेल्या. हुबळीत दुर्गदबैलला मामांचं कापडाचं दुकान होतं, मामांमागे ते तिनेच चालवलं. तिच्याकडून खण घेतलेल्या बायकांना तिचे हात आठवत असतील. काठाला कात्रीची बारीक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडायची. फाट कधी तसूभरही वाकडी गेली नाही. पण मला सांगायचंय ते दुकानाबद्दल नाही. एका चिनी तलवारवालीबद्दल सांगायचंय. ती हाडामांसाची नव्हती, मारामारीच्या एका गेममधली होती. पण वृंदाचं अर्धं आयुष्य तिच्या सोबतीने गेलं, आणि वृंदाला काय होणार आहे हे सगळ्यांत आधी तिनेच सांगितलं.

आम्ही कॉलेजात असताना बाजारामागच्या एका गल्लीत, लोखंडी जिना चढून गेलं की एक गेम पार्लर होतं. मुली तिथे जात नसत. वृंदा मला ओढून घेऊन गेली, हातात भाजीची पिशवी तशीच. पडद्यावर एकापुढे एक योद्धे येत होते, राक्षसासारखे, चिलखतातले, कुऱ्हाडीवाले. त्यांत ही एक सडपातळ मुलगी, हातात सरळ पात्याची बारीक तलवार, मुठीला लाल गोंडा. वृंदाने पाहता क्षणी तीच निवडली. मी विचारलं, "हीच का?" तर म्हणाली, "तिच्या कमरेचा शेला बघ की. रेशीम आहे ते. कसं पडतंय बघ, कुणीतरी खरं कापड हातात घेऊन केलंय हे." कापडवाल्याची पोर! तलवार तिला नंतर दिसली, आधी शेला दिसला.

त्या तलवारवालीचं चिनी नाव आम्हा दोघींच्याही जिभेवर नीट बसेना, म्हणून आम्ही तिला चिनी अक्का म्हणू लागलो. अक्काच्या अंगात जोर नव्हता, हुलकावणी होती. डोक्यावर वार येतोय असं दाखवायची आणि पायावर हाणायची. समोरच्याचा वार मात्र नेमक्या क्षणी तलवार उचलून अडवावा लागे. तो क्षण पापणी लवायच्या आत निघून जाई. वृंदाला तो क्षण जणू आधीच ऐकू यायचा. पहिल्या दिवशी फिदीफिदी हसणारी मुलं महिन्याभरात तिच्या खुर्चीमागे गप्प उभी राहू लागली. पार्लरवाला हात जोडायचा, "अक्कारं, साकु बिडरी," पुरे करा आता, माझी गिऱ्हाइकं रडून घरी जायला लागलीत.

त्याच दिवसांत घरी मामीच्या, वृंदाच्या आईच्या, हातून कप पडायला लागले होते.

आधी कप, मग पोळीचं लाटणं, मग वेणीत घालायची पिन. कुणी म्हणालं मानेत नस दबलीय, कुणी म्हणालं अशक्तपणा. धारवाडच्या एका वैद्यांनी तेल दिलं. मामी विचारायची, "मला काय झालंय?" आणि सगळे सांगायचे, "काही नाही, उन्हाळा सरला की बरं वाटेल." उन्हाळा सरला तेव्हा तिला उठवून बसवावं लागत होतं. दिवाळीपर्यंत तिचं बोलणं गेलं. डोळे मात्र शेवटपर्यंत लख्ख... खोलीत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे ती आळीपाळीने पाहायची, आणि प्रत्येक जण नजर वळवायचा. वृंदा तिला भरवायची, पुसायची आणि दुपारी तासभर पार्लरमध्ये जाऊन यायची. घरच्यांना ते आवडत नव्हतं. मला ती म्हणाली होती, "तिथं मी बोट दाबलं की तिचा हात हालतोय, नीला. तेवढं बघून येते."

मामी गेली. आजाराचं नाव कुणालाच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं.

पुढे वृंदाचं लग्न झालं. माधव तारिहाळच्या एका कारखान्यात. कमी बोलणारा, हाताने काहीतरी करत राहणारा माणूस. लग्नानंतर पहिल्या वाढदिवसाला काय हवं विचारलं तर तिने साडी मागितली नाही, गेमचं यंत्र मागितलं. इरा झाली, मामा गेले, वृंदा गादीवर बसली. दर काही वर्षांनी त्या गेमचा नवा भाग निघायचा. दर भागात अक्काचा शेला आणखी झुळझुळीत व्हायचा, चेहरा होता तसाच. "ही बया म्हातारी होत नाही बघ," वृंदा आरशातले पांढरे केस मागे सारत म्हणायची. दुपारी दुकान मिटलं की जेवण, आणि मग तासभर खेळ. नेटवरून जगातलं कुणीही समोर यायचं. त्यांना ठाऊकही नसे की आपल्याला धूळ चारणारी ही हुबळीतली खणवाली आहे.

ती दुपार मला आठवते. मी शिकवते त्या शाळेला सुटी होती म्हणून मी गेले होते. जेवणं झाली होती. वृंदा खेळत होती आणि मी शेजारी आडवी झाले होते. एकाएकी ती म्हणाली, "अक्का उशिरा उठायलीय."

"म्हणजे?"

"तलवार. मी दाबतेय तेव्हा उठत नाही. मागनं उठतीय."

तिने हातातला रिमोट पालथा करून पाहिला. बदलला. माधवने टीव्हीची वायर बदलली. आठवड्याभराने नवा रिमोट आणला. मी पुन्हा गेले तेव्हा ती तशीच बसली होती, समोर तोच सामना. आता ती हरत होती. मी तिला असं हरताना कधी पाहिलं नव्हतं. खेळ थांबवून तिने रिमोट माझ्या हातात दिला. "तो वार करायला आला की मी 'दाब' म्हणते. तू फक्त दाबायचं."

"अगं, मला काय येतंय त्यातलं?"

"दाब म्हटलं की दाब."

समोरच्याची कुऱ्हाड उठली. वृंदा म्हणाली, "दाब." मी दाबलं. अक्काची तलवार लखकन वर आली, ठिणग्या उडाल्या, वार अडला. पुन्हा, "दाब." पुन्हा अडला. वृंदाने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि शांतपणे खाली ठेवला. मग उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने धरून उजेडाकडे नेला. अंगठ्याच्या बुडाशी मांस जरासं खोलगट झालं होतं आणि कातडीखाली काहीतरी आपोआप फडफडत होतं, चिमुकलं काही आत अडकावं तसं.

"आईचं असंच होतं," ती म्हणाली. "पोळ्या लाटताना बघितलंय मी."

मी काहीबाही बोलले. थकवा असेल, दुकानात दिवसभर कापड फाडतेस... तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मध्येच थांबले.

बेंगळुरूच्या डॉक्टरांनी बरेच दिवस तपासण्या करून तेच सांगितलं, फक्त त्याला नाव दिलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. बुद्धी शाबूत राहते. औषध नाही. मामीचं ऐकल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तुमच्या घरात हे रक्तातून आलेलं दिसतंय, मुलीत असू शकेल, नसूही शकेल. रक्त तपासून कळतं. तेव्हा इरा नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. हे घरी आल्यावर वृंदाने तिला समोर बसवून स्वतः सांगितलं. इरा म्हणाली, "मला नाही कळून घ्यायचं." आणि उठून चहा करायला गेली. वृंदा, माधव आणि मी स्वयंपाकघरातून येणारे आवाज ऐकत बसलो. कपबशी ठेवल्याचा आवाज, चमचा... त्या दिवसापासून त्या घरात भांडं पडलं की सगळेच दचकत.

पुढचं सगळं ओळखीच्या रस्त्याने झालं. रस्ता ओळखीचा होता हेच सगळ्यांत भयंकर होतं. कुठलं वळण कुठे आहे हे वृंदाला माहीत असे. कापड फाडणं सुटलं तेव्हा तिने गादीवर मुनीमजींना बसवलं आणि आपण शेजारी खुर्चीत बसून गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. बोटं गेली तेव्हा माधवने कारखान्यातून सुटल्यावर एक लाकडी फळी बनवली, तळहाताएवढी मोठी बटणं असलेली. ती कोपराने दाबायची. मग कोपर गेलं, तेव्हा त्याने तीच बटणं पायाशी बसवली. अक्का आता मोजक्याच चाली खेळू शकत होती. हुलकावणी गेली, उड्या गेल्या. एक वार आणि एक अडवणं एवढंच उरलं. ती बहुतेक हरायची. हरली की म्हणायची, "आणखी एक लाव."

बोलणं अडखळायला लागलं त्या दिवसांतलं एक बोलणं मला सांगितलंच पाहिजे. माधव बाहेर गेला होता. तिने मला जवळ बोलावलं. शब्द सुटे सुटे येत होते, मधूनमधून श्वासासाठी थांबावं लागत होतं.

"इराला... तपासून घे म्हणून... मागं लागू नकोस."

"नाही लागणार."

"पण तिनं विचारलं... तर खोटं बोलू नकोस. माझ्या आईशी... सगळे खोटं बोलले. मीसुद्धा."

मी मान हलवली. ती थांबली. "मान नको... बोल."

"नाही बोलणार खोटं," मी म्हणाले.

शेवटच्या महिन्यांत फक्त डोळे उरले. मग इराने रिमोट हातात घेतला. दोघींनी मिळून एक भाषा ठरवली होती. वृंदाने वर पाहिलं की वरचा वार अडवायचा, खाली पाहिलं की खालचा, डावीकडे म्हणजे सरक, डोळे मिटले म्हणजे मार. इरा पलंगाशी अशी बसायची की एका नजरेत पडदा आणि आईचा चेहरा दोन्ही यावेत. आणि काय सांगू, अक्का पुन्हा जिंकायला लागली! हुलकावण्या परत आल्या. टीव्हीतला तलवारींचा खणखणाट आणि श्वास देणाऱ्या यंत्राची धाप, एवढेच आवाज. पाहणाऱ्याला वाटावं, ही दोन बायकांची एकच बाई झाली आहे.

मी तिला शेवटचं पाहिलं ती एक रविवारची सकाळ होती. सामना रंगला होता. समोर कुठल्या देशातला कोण होता देव जाणे, पण तोडीस तोड होता. वृंदाचे डोळे भराभर वर-खाली होत होते, इराची बोटं त्यांच्या मागोमाग. मग वृंदाने वर पाहिलं. मी स्पष्ट पाहिलं, तिने वेळेवर वर पाहिलं. अक्काची तलवार उठली नाही. म्हणजे उठली, पण वार बसून गेल्यावर. अक्का कोसळली. पडद्यावर चिनी अक्षरं आली आणि गेली.

"चुकलं," इरा हसून म्हणाली. "लक्षच नव्हतं माझं, आई."

वृंदा पडद्याकडे बघत नव्हती. इराच्या चेहऱ्याकडेही नाही. ती इराच्या अंगठ्याकडे बघत होती. इराने रिमोट मांडीवर ठेवला आणि हात ओढणीखाली घेतला. बऱ्याच वेळाने वृंदाची नजर हळूहळू माझ्याकडे आली आणि माझ्यावरच थांबली. मामीची नजर... मी ती मागे एकदा चुकवली होती. या वेळी नाही चुकवली. पण तिला देण्याजोगं माझ्या डोळ्यांतही काही नव्हतं.

त्याच आठवड्यात ती गेली.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. दुकान उघडलं. मी मधूनमधून हुबळीला जाऊन राहते. परवा वृंदाच्या खोलीतल्या चादरी इरा आणि मी घडी करत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दोन घड्या झाल्यावर इरा तशीच उभी राहिली, चादर ताणून धरून.

"मावशी, त्या रविवारी आई माझ्या हाताकडं बघत होती ना?"

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. सांत्वनाची वाक्यं जिभेवर तयारच असतात, पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेली.

"होय," मी म्हणाले.

"तुलापण दिसलं होतं?"

"तलवार उशिरा उठली ते दिसलं. का उठली ते मला माहीत नाही."

तिने चादरीची उरलेली घडी घातली. पांढऱ्या कापडावर तिची बोटं मी बघत होते, आणि मी बघतेय हे ती बघत होती. "मग जाऊन येऊया बेंगळुरूला," ती म्हणाली. "तू चल. अप्पांना आत्ताच नको सांगायला. विचारतील तेव्हा सांगू खरं."

पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार आहोत. हे छापून येईल तोवर रक्त देऊन झालेलं असेल, आणि माधवला सांगूनही झालेलं असेल. माधवने अजून काही विचारलेलं नाही. तो सकाळी तारिहाळला जातो, संध्याकाळी परततो. पूर्वी दारातून तो वृंदाला हाक मारायचा आणि आतून तिची 'ओ' आली की मगच आत यायचा. पुढे तिची ओ येईनाशी झाली तरी हाक मारायची सवय गेली नव्हती. आता तो इराला हाक मारतो. ती कधी न्हाणीघरात असते, कधी गच्चीवर, ऐकू जायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून, डबा हातात धरून तसाच उभा असतो.