यास्मिनची जागा

अकरा वर्षं झाली, आणि ही गोष्ट माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. आईला तर नाहीच. ज्या दवाखान्यात मी आज वॉर्डची इनचार्ज म्हणून बसते, तिथं कुणाच्या मनातही येणार नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मधेच माझा हात धरून ‘जाऊ दे गं, होतं असं’ म्हणणार नाही, म्हणून. तसं कुणी म्हटलेलं मला नको आहे.

मी हातकणंगल्याची. घरी दोन म्हशी, थोडा ऊस आणि पोरींनी शिकलंच पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेणारी आई. यास्मिन इचलकरंजीची. तिचे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. सगळा जन्म त्या खडखडाटात गेलेला, त्यामुळं त्यांना ऐकू कमी यायचं. फोनवर ती त्यांच्याशी इतकं ओरडून बोलायची, की आमच्या घरमालकीण वर येऊन बघून जायच्या — पोरींचं भांडण लागलं की काय. तीन वर्षं नर्सिंगला आम्ही एका बाकावर बसलो, आणि कोर्स संपल्यावर राजारामपुरीत एक खोली घेऊन राहिलो. खाट एकच होती. एक दिवस ती खाटेवर, एक दिवस मी.

नोकरी शोधणं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. सकाळी डबा करायचा, फाइल काखेत मारायची आणि निघायचं — शाहूपुरी, दसरा चौक, पार रंकाळ्यापर्यंत. कोल्हापुरात दवाखाने काय कमी आहेत? पण पोरीही कमी नव्हत्या. कुठं एक जागा निघाली म्हणून जावं, तर जिन्यावरच रांग लागलेली, आणि रांगेत निम्म्या आमच्याच बॅचच्या. कुणी कुणाला ओळख दाखवायचं नाही. आत गेलं की एकच प्रश्न — अनुभव किती? पहिली नोकरीच कुणी देईना, तर अनुभव आणायचा कुठनं? एका वॉचमननं तर आम्हाला लांबूनच ओळखलं. म्हणाला, ताई, काल ठेवलेले कागद हितंच हायत, अजून कुणी उघडल्यात न्हाईत.

असे चार महिने गेले. मग स्टेशनजवळच्या एका खासगी दवाखान्यातून दोघींना बोलावणं आलं. जागा एकच. पण तिथल्या मेट्रन — सगळे त्यांना मॅडम म्हणायचे — कागदावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस काम करून दाखवा, मग बघते.

पंधरा दिवस. इथपर्यंत मी तुम्हाला सगळं अगदी सरळ सांगितलं, नाही? आता जीभ अडखळतेय.

यास्मिनचा हात चांगला होता. हे मला कॉलेजपासून माहीत होतं, पण कॉलेजात ते चाललं. तिथं आम्ही दोघी पास होऊ शकत होतो. इथं एकच जण राहणार होती. आणि ती वॉर्डात शिरली, की पेशंट माना वळवायचे. ती काही विशेष करायची असंही नाही — उशी सरळ करायची, नातवाचं नाव विचारायची, दुसऱ्या दिवशी ते नाव लक्षात ठेवायची. मीही विचारून बघितलं. माझ्या तोंडी ते प्रश्न फॉर्म भरून घेतल्यासारखे वाटायचे.

हेवा म्हणजे काय असतं? मला आधी वाटायचं, पैसेवाल्याचा वाटतो, देखण्या माणसाचा वाटतो. यास्मिनकडं यातलं काहीच नव्हतं. माझ्यासारखाच एक चांगला ड्रेस, माझ्यासारखीच घरून एसटीनं कोल्हापुरात आलेली. म्हणूनच तो जास्त सलायचा. तिच्यापाशी असं काहीच नव्हतं, की ज्याकडं बोट दाखवून मी म्हणावं — तिला हे मिळालं, म्हणून ती पुढं गेली.

दहाव्या-अकराव्या दिवशीची गोष्ट. शिरोळकडची एक आजी दाखल झाली होती — जुलाबांनी पार सुकलेली, हातावरच्या शिरा गेलेल्या. सलाईन लावायला मी गेले. एकदा टोचलं, नाही मिळाली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा सुई आत फिरवली तेव्हा आजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं हात ओढून घेतला नाही. रागावलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, “बाळ, त्या दुसऱ्या पोरीला बलीव की.”

मी बोलावलं. यास्मिन आली, आजीचा हात कोमट पाण्याच्या फडक्यात गुंडाळून बसली, थोडा वेळ तिच्याशी बोलली, आणि पहिल्याच टोचणीत शीर मिळाली. मॅडम दारात उभ्या होत्या. त्या बघतायत हे यास्मिनला दिसलं. तेव्हा ती काय म्हणाली असेल? म्हणाली, “मॅडम, सुवर्णानंच जागा बघून ठेवलेली, मी नुसती टोचली.”

तिनं मला सांभाळून घेतलं. दुसरी कुणी असती तर त्या वाक्यानं विरघळली असती. मला मात्र त्या क्षणी ती जितकी नकोशी झाली, तितकं आयुष्यात कुणी झालं नसेल. हात तर तिचा चांगला होताच — आता मनही तिचंच चांगलं? मग माझं काय उरलं?

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ती नाही सांगितली तर पुढचं नुसतं खोटं बोलणं वाटेल, आणि ते नुसतं खोटं नव्हतं.

त्या आधीच्या रविवारी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तेव्हा यास्मिननं मला सांगितलं, की तिला एक स्थळ आलंय. मुलगा बरा होता, घरचे मागं लागले होते. पण तिनं अब्बांशी बोलून घेतलं होतं. अब्बा म्हणाले होते, नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. कुणी काही बोलू दे, मी बघतो. तिनं ओला दुपट्टा झटकला आणि मला म्हणाली, “नोकरीच मला वाचवंल बघ. कुणाला बोलू नको हां.” मी नाही बोलणार म्हणाले.

तेव्हा मला सगळं माहीत होतं. तिला नोकरी कशासाठी हवी होती, आणि ती नाही मिळाली तर काय होणार होतं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

चौदाव्या दिवशी दुपारी मॅडमनी मला कपड्यांच्या कपाटाशी बोलावलं. धुऊन आलेल्या चादरी घडी करायच्या होत्या. त्या एक टोक धरायच्या, मी एक. बोलता बोलता त्यांनी विचारलं — अगदी सहज, चादरीकडं बघत — की तुम्ही दोघी एकाच खोलीत राहता ना? मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, मागच्या दोन मुली सहा महिन्यांत लग्न करून गेल्या. मी शिकवायचं आणि त्यांनी निघून जायचं. ही यास्मिन टिकेल का गं?

त्या वेळी माझ्या हातात चादरीची दोन टोकं होती. मी ती नीट जुळवली. एवढा वेळ मला मिळाला होता — विचार करायला पुरेसा वेळ. तोंडातून निसटलं असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हटलं, “मॅडम, तिचं जमलंय बहुतेक. दिवाळीनंतर करणार म्हणत होते घरचे.”

ते ‘बहुतेक’ बघितलंत? तो शब्दसुद्धा मी निवडून घातला होता. उद्या विषय निघालाच तर म्हणता यावं, की मी काही नक्की सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “हं. त्यांच्यात लवकरच उरकतात.” आणि पुढची चादर घेतली.

त्यांच्यात. मला ठाऊक होतं मॅडम हेच म्हणणार. आमच्याच गल्लीत, आमच्याच घरी हे वाक्य मी कितीदा ऐकलं होतं. माझ्या खोट्याला त्या एका वाक्याचा टेकू मिळणार, पुढं कुणी चौकशीसुद्धा करणार नाही, हे मी धरून चालले होते. आमच्या भावकीतल्या माझ्या वयाच्या तीन मुलींची लग्नं तोवर होऊन गेली होती — त्यांना कुणी ‘त्यांच्यात’ म्हणालं नव्हतं. तिचे अब्बा तसे नाहीत, नोकरी लागली तर दोन वर्षं लग्न करणार नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. मी चादरीची घडी घातली आणि कपाटात ठेवली.

सोमवारी दोघींना ऑफिसात बोलावलं. मॅडमनी मला जागा दिली, आणि यास्मिनला म्हणाल्या, तुझं काम चांगलं आहे, पुढं काही निघालं तर कळवू. यास्मिननं ‘थँक्यू मॅडम’ म्हटलं. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर तिचे डोळे भरले, पण तिनं ते माझ्यासमोर पुसले आणि म्हणाली, “एकीला तरी लागली की.” येताना तिनं पेढे घेतले. घरमालकिणीला दिले, खालच्या किराणावाल्याला दिले, माझ्या आईला फोन लावून दिला. आई रडत होती आणि यास्मिन तिची समजूत काढत होती. मी खाटेवर बसून पेढा खाल्ला. घशात अडकला वगैरे नाही. खाल्ला.

ती पुढं दोन महिने फिरली. मी ड्यूटीवरून येईपर्यंत तिचा स्वयंपाक झालेला असायचा. सांगलीला जाऊन आली, इचलकरंजीत चार ठिकाणी विचारून झालं. सगळीकडं तेच — अनुभव किती? मग अब्बांचाही नाइलाज झाला. ती सामान घेऊन गेली, आणि पुढच्या वर्षी लग्न झालं. म्हणजे मी जे खोटं सांगितलं होतं ते खरं झालं. उशिरा, पण झालं.

नवरा चांगला निघाला, हे खरं आहे. पण ते मी माझ्या बाजूनं धरत नाही. सासूबाईंना आधी सुनेनं दवाखान्यात जाणं पटलं नाही, मग मुलगी झाली, मग नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं राहून गेलं. आता ती गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघून देते, आणि दुपारी शिलाई करते.

एक शंका मी बरीच वर्षं जपून ठेवली होती — कदाचित मॅडम मलाच घेणार होत्या. माझ्या त्या वाक्यानं काहीच बदललं नसेल. किती सोयीची शंका, नाही का? तीन वर्षांपूर्वी मॅडम रिटायर झाल्या. निरोपाचा चहा झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तू शिकलीस बघ, नाव काढलंस. खरं तर मी तेव्हा त्या दुसरीला घेणार होते, पण तिचं लग्न ठरलं होतं ना. चांगल्या मनानं म्हणाल्या त्या. मी वाकून त्यांना नमस्कार केला.

आणि तुम्हाला वाटत असेल, जागा मिळाल्यावर माझा हेवा संपला असेल. नाही संपला. आमच्या कुठल्याही नव्या मुलीनं पेशंटचं मन पटकन जिंकलं, की माझ्या कपाळावर आठी येते, आणि मग मी तिची एखादी बारीक चूक शोधते. यास्मिनच्या घरी गेले की तिचा नवरा तिला हाक मारतो ती हाक मी कान देऊन ऐकते. जिची नोकरी मी घेतली, तिच्या घरातलं हसणंही मला बघवत नाही. असं कसं असतं माणूस? पण मी आहे.

ती मला दर ईदला बोलावते. यंदाही गेले होते. शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात होती. तिची मुलगी आता चौथीत आहे. ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी दवाखान्यात काय करते, हे सगळं तिनं विचारून घेतलं. मग आईला म्हणाली, अम्मी, तू पण हेच शिकलीस ना, मग तू का नाही गेलीस?

यास्मिन माझ्या वाटीत अजून वाढत होती. तिनं वर बघितलं नाही. “एकच जागा हुती, बाळ,” ती म्हणाली. “सुवर्णामावशी माझ्यापेक्षा हुशार हुती, तिला मिळाली.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. समोर बसलेल्या तिच्या सासूबाईंनीही बघितलं. मी ‘तसं काही नाही’ म्हणू शकले असते — एवढं तर कुणीही म्हणतं. मी म्हणाले नाही. वाटी तोंडाला लावली.

आणि आता हे शेवटचं. यासाठीच एवढं सगळं सांगत बसले. ते वाक्य ऐकून मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर, परतीच्या एसटीत. त्या क्षणी, तिच्या घरात, तिच्या मुलीसमोर, मला बरं वाटलं होतं.