यादीतली कुलपांची ओळ

माझ्या काकांना घरात सगळे 'कलमकाका' म्हणत. चहा हवा का विचारलं, तरी "साखर किती, त्यावर अवलंबून," असं उत्तर यायचं. परदेशातून येणाऱ्या कोणत्या मालावर किती आयातशुल्क लावायचं, हे इतर देशांशी बोलून ठरवणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. माणूस कमालीचा सरळ. परक्या शिष्टमंडळाने भेट दिलेली डायरीसुद्धा खात्यात जमा करायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

माझे वडील त्यांचे थोरले भाऊ. त्यांचा कुलपांचा कारखाना होता, बावीस कामगारांचा. पितळेचा कीस सगळ्यांच्याच नखांत बसलेला असे, वडिलांच्याही.

एका मोठ्या कराराच्या वेळी काकांकडे यादीचं काम आलं. यादीत आलेल्या मालावरचं शुल्क दहा वर्षं तसंच राहणार होतं, बाकीच्या मालावरचं एका झटक्यात शून्य. काकांनी त्यासाठी गावोगावचे कारखाने पालथे घातले. आमच्या कारखान्याकडे मात्र फिरकले नाहीत. "दादा, घरात कराराचा विषय नको," असं बजावलं, आणि वडिलांनी ते तंतोतंत पाळलं.

करार झाला. बाहेरची कुलपं निम्म्या भावात दुकानांत आली आणि दीड वर्षात आमचा कारखाना बंद पडला.

काका निवृत्त झाले त्याच आठवड्यात घरी आले. चहा निवून गेला तरी कपाला हात लावेनात. मग वडिलांकडे न बघताच म्हणाले, "दादा, यादीत कुलपांची ओळ होती. मी खोडली."

"का? गरज नव्हती?"

"होती. माझ्याच पाहणीत तसं निघालं होतं. पण उद्या कळलं असतं, तर लोक म्हणाले असते, भावाचं भलं केलं."

"मग तेवढी ओळ दुसऱ्या कुणाला ठरवू द्यायचीस."

"मग कारण द्यावं लागलं असतं. कारखाना तुझा आहे, हे तेव्हाच सगळ्यांना कळलं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांचा आवाज मात्र चढला नाही.

"म्हणजे मी परका असतो तर वाचलो असतो."

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"बरं, मी तुझा भाऊ. मी सोसलं. पण त्या बावीस जणांचा तू कोण लागत होतास रे?"

काका उठले, चपला घातल्या. नेहमी वडील त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जात. त्या दिवशी गेले नाहीत.