आजऱ्याच्या वाटेवर उघडलेली पेटी

आजरा सोडलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की रस्ता जमिनीवरून चाललाय की पाण्यावरून, कळेना. उसाचे पांढरे तुरे तेवढे वर तरंगत होते. शौकतभाईंची भाड्याची गाडी, चालवत तेच होते. मला कोल्हापुरात उतरवून ते पुढं इचलकरंजीला लेकीच्या सासरी जाणार होते. डिकीत तिची लग्नाची पेटी होती. त्यांच्या घरची रीत अशी, की पेटीचं कुलूप सासूनंच, चार बायकांसमोर काढायचं. बापानं फक्त पेटी आणि किल्ली पोचवायची.

माझ्या पायाशी बॅग होती. तिच्यात गोव्याहून चोरून आणलेल्या दारूच्या दोन बाटल्या.

वाटेत गुऱ्हाळावर थांबून भाकरीबरोबर गरम काकवी (गुळाआधीचा दाट पाक) खाल्ली. रस उकळणाऱ्या काहिलीची वाफ धुक्यात मिसळत होती. तिथून उठूच नये असं वाटलं.

पुढच्या वळणावर पोलिसांनी गाडी अडवली. हवालदारानं लायसन, कागद पाहिले. सगळं नीट होतं. मग त्यानं डिकी उघडायला लावली आणि पेटीवर काठी टेकवली. शौकतभाईंनी रीत सांगितली.

"मग आज आमीच सासू," हवालदार हसला. "काढा कुलूप."

मी वकील आहे. पोलिसांना गाडी थांबवून कागद बघता येतात. पण बंद पेटी उघडायची तर संशयाला आधार लागतो, तो लिहून ठेवावा लागतो, पंच लागतात. कोर्टात हे मी कितीदा तरी बोललोय. त्या वळणावर बोललो नाही. बोललो तर माझीही बॅग उघडतील, ही भीती. बॅगेकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

शौकतभाईंनी किल्ली लावली. पेटीत कपड्यांशिवाय काही निघालं नाही. पोलीस पुढच्या गाडीकडं वळले. लाल ओढणी अर्धी रस्त्यावर लोळत होती. आम्ही दोघं दोन टोकं धरून घडी घालू लागलो. धुक्यात ती ओढणी संपतच नव्हती.

"दारू माझ्या बॅगेत आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय की. बॅग ठेवताना वाजलं."

"मग सांगायचं त्यांना."

"पावणं हाय तुमी. माझ्या गाडीत बसलाय."

तेवढ्यावर सुटलो असतो. पण मी पुढं सांगितलं, की मी वकील आहे, त्यांना थांबवू शकलो असतो.

"व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. उरलेली घडी एकट्यानंच घातली, वेडीवाकडी.

कोल्हापुरात मला उतरवून ते इचलकरंजीला निघून गेले. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी त्या न पाहिलेल्या घराचा विचार करत होतो. सासूनं कुलूप काढून विचारलंच असेल, आधी कुणी हात लावला म्हणून. शौकतभाईंनी काही तरी उत्तर दिलं असेल. त्यात मी नसणार.