पॅकिंगला लावलेलं ग्रीस

तासगाव रस्त्यावरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. तेल गळतंय म्हणून मोटारसायकल त्याच्याकडे नेली. इंजिनाचं झाकण काढून तो त्याखालचं चिकटून बसलेलं कागदी पॅकिंग ब्लेडनं खरवडायला लागला आणि ते बसवणाऱ्याचा उद्धार करायला लागला.

"कुण्या शाण्यानं हे केलंय, सर? सोल्युशनची आख्खी ट्यूब पिळलीया! इंजिन हाय का भिताड?"

मी चहा पीत मान डोलावत राहिलो. तो शहाणा मीच होतो. शाळेत विज्ञान शिकवतो, त्यात मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला. मग मिस्त्री कशाला हवा?

तासाभरानं झाकण लख्ख झालं. नव्या पॅकिंगवर त्यानं, चपातीला तूप लावावं तसं, बोटानं पातळ ग्रीस फिरवलं.

"हे कशाला?"

"फुडच्या येळंला अलगद निघतंय. फाटत न्हाई, खरवडाय लागत न्हाई."

मला वर्गातला आवाज सापडला. "म्हणजे गाडी परत बिघडणार, असं धरूनच काम करता होय तुम्ही?"

त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. बोट फडक्याला पुसत म्हणाला, "गाडी न्हाई बिघडायची, सर. पर तुमी परत खोलणार की."