करंजेल प्यालेला पट्टा

मोटार जुनी झाली की तिचे स्क्रू कमी होतात आणि किस्से वाढतात. आमची भोर-वेल्हे सर्व्हिस मोटार तर मुळात जुनीच घेतलेली, म्हणजे किस्से पहिल्या दिवसापासून! दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतले थोडे सांगते. ज्यांना खोटे वाटतील त्यांनी कानात बोटं घालावीत.

*

एका उन्हाळ्यात मोटारीला कंठ फुटला. सुरू केली की पुढून अशी किंचाळायची, की बाजारातली कुत्री शेपूट घालून पळायची.

गुंजवण्याचे एक म्हातारबा अर्ध्या वाटेतच उतरले. "आक्का, ही फुटनार. मी आपला पायी जातो!"

पुढच्या चढाला मोटार तापून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हातारबा काठी टेकत आले, आम्हाला मागं टाकून निघाले आणि वळून म्हणाले, "गावात काय निरोप द्यायचा आसंल तर सांगा!"

*

मोटारीचा पास, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा सरकारी दाखला, संपत आला होता. मोटारी तपासणारे साहेब येणार, नापास केली तर परवाना जाणार आणि परवान्यामागून आमची चूल. आमचे हे घाबरले आणि मोटार पुण्याला मिस्त्रीकडे नेली. मीही गेले.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं नाही. खिशातले हातही काढले नाहीत. लांबूनच मान हलवली, "इंजिन खोलावं लागणार. गाडी ठेवून जा."

मी म्हटलं, "काय हो, तुमच्या घरी कुणाला शिंक आली तर पोट फाडता का?"

हे म्हणाले, "तू गप्प बस. बायकांना इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं नाही कळत. पण माणूस ओळखायला खोलावा लागत नाही!"

मोटार तशीच किंचाळत घरी आली.

*

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वाचायला शिकले पुडीच्या कागदांवर आणि यंत्र शिकले पिठाच्या गिरणीत. गिरणीचा पट्टा घसरायला लागला की अस्साच ओरडतो. मोटारीतही पंखा फिरवायला एक पट्टा असतोच की!

आमचा ड्रायव्हर ज्ञानू. त्याला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि त्या पट्ट्यावर लांबूनच तांब्याभर पाणी भिरकावलं. आवाज बंद! क्षणात पुन्हा सुरू.

"बघा," मी ह्यांना म्हटलं, "रडतोय पट्टा आणि तुम्ही बदनाम करताय इंजिनाला!"

*

इंजिन बंद करून पट्टा चाचपला. बोटं बुळबुळीत. वास घेतला, तर करंजाचं तेल, करंजेल!

"ज्ञानू, हे रे काय?"

"म्या घालतो की रोज सकाळी. कुरकुरलं की त्याल! बैलगाडी हाकलीया न्हवं इतकी वर्सं."

"अरे, बैलगाडीच्या आसाला घसरायचं असतं, पट्ट्याला चाक धरायचं असतं! पैलवानाला तेल चोपडून कुस्तीला उतरवलास, पकड कशी बसेल?"

ज्ञानूनं डोकं खाजवलं. "तरीच! जेवढं घालीन तेवढा जास्त वरडायचा. म्या म्हनलं, आजून मागतोय!"

*

पट्टा रिठ्याच्या पाण्यात धुतला, वाळवला, ताणून बसवला. मोटार मुकी झाली! पण तेलानं तो आतून कुजला होता, आणि लढाईमुळं पुण्यात नवा मिळेना. तशातच साहेब आले. कडक मिशा, त्याहून कडक इस्त्री. इंजिनाला कान लावून खूश झाले. म्हणाले, "आता चढावर चालवून दाखवा." मीही बसले. मोटार माझी आहे!

चढाच्या मध्यावर फट्! पट्टा तुटला. वाफेचा लोट उठला. आसपास चिटपाखरू नाही. ह्यांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पासाचा कागद घडी करून खिशात सारला.

मी साहेबांना पायापासून वर न्याहाळलं. कमरेपाशी थांबले. चामडं जाड, रुंदी बेताची.

"साहेब, भोर हितून लांब आहे. कमरेचा पट्टा काढा!"

ज्ञानूनं तो मापानं कापला, टोकं तारेनं शिवली, चाकावर चढवला. इंजिन निवल्यावर पाणी ओतलं. मोटार सुरू झाली, आणि हूं की चूं नाही!

साहेब मात्र रस्त्यातच उभे, मुठी कमरेवर आवळून.

"बाई, आता माझ्या विजारीचं काय?"

"धरा की! देवानं हात कशाला दिलेत?"

साहेबांनी खाली पाहिलं. मोटारीकडं पाहिलं. मग म्हणाले,

"मग पासावर सही कशानं करू?"